पंचेचाळीसच्या पिस्तुलाविषयी मालकांचं म्हणणं

आमच्या व्हर्लिनचं पिस्तूल अडकलं ही बातमी मला शेजारच्या मार्व्हेलाकडून कळली, आणि तीही ते अडकून वीस मिनिटं व्हायच्या आत. आमच्या गावात पाचशे बारा माणसं आहेत. पिस्तुलं किती ते कोणी मोजलेलं नाही, पण माणसांपेक्षा कमी नसावीत. त्यांतलं एखादं अडकणं ही काही बातमी नव्हे. व्हर्लिनचं अडकणं मात्र होती, कारण माझ्या नवऱ्यानं त्या पिस्तुलाच्या चांगुलपणाची हमी छापून दिली होती.

छापली मी होती, हे आधीच सांगून टाकते. नेमबाजी क्लबचं चार पानी पत्रक दर दोन महिन्यांनी मी टाइप करते. पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत. अध्यक्ष ड्वेन, आणि त्याचं मनोगत गेली नऊ वर्षं 'जाताना फाटक लावून घ्या' एवढंच आहे. दुसऱ्या पानावर कोण आजारी, कोण वारलं. तिसऱ्यावर 'मालकांचं म्हणणं'. हे पान सगळे आधी वाचतात, वारलेल्यांच्याही आधी. ज्याच्याकडे जे शस्त्र असेल त्यानं दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: नेम कसा? भरवसा किती? माणसं आपल्या सुनेबद्दल बोलतानाही एवढं जपत नसतील. 'नेम: तक्रार नाही. भरवसा: बरा.' नेब्रास्कात 'तक्रार नाही' याच्यावर स्तुती नाही. माझ्या स्वयंपाकाबद्दल एकतीस वर्षांत मी ती चार वेळा ऐकली आहे.

अशा पानावर व्हर्लिननं वसंतात लिहिलं: 'हॉलोवे पंचेचाळीस, मोठ्या बांध्याचं. नेम: पंचवीस यार्डांवर पाच गोळ्यांची भोकं एका बशीखाली झाकतील. भरवसा: बाराशे गोळ्या, एकदाही अडकलं नाही. माझा शब्द.'

'माझा शब्द' हे दोन शब्द मी टाइप करताना गाळले होते. त्यानं परत घालायला लावले.

व्हर्लिननं तीस वर्षं जिल्ह्याचे रस्ते मोजले आणि तीनदा जिल्ह्याचा नेमबाजीचा करंडक आणला, त्यामुळे त्याचा शब्द चालतो. सात जणांनी ते पिस्तूल घेतलं. ड्वेननंसुद्धा घेतलं, जो व्हर्लिन सांगतो म्हणून पावसात छत्रीही उघडणार नाही. हॉलोवे म्हणजे कंपनी, पंचेचाळीस म्हणजे गोळीची जाडी; आणि मोठ्या बांध्याचं म्हणजे केवढं असं कोणी विचारलं, तर माझी इस्त्री त्याच्यापेक्षा हलकी आहे.

आणि जूनच्या दुसऱ्या शनिवारी, सातही जणांच्या देखत, व्हर्लिनच्या हातात त्याचं धुराडं झालं.

धुराडं म्हणजे असं. गोळी सुटली की वरची पट्टी मागे जाते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकते. कधी पुंगळी बाहेर पडत नाही, पट्टीच्या फटीत उभी अडकते, छपरावर धुराडं दिसतं तशी. दिसायला गमतीदार असतं. हसायचं मात्र नसतं.

असं झालं की आमच्याकडे चार संशयित असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिली गोळी. दुसरं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा. तिसरी स्प्रिंग. चौथं मनगट. पिस्तूल घट्ट धरलं नाही, मनगट ढिलं सोडलं, तर पट्टीला मागे जायला आधार मिळत नाही आणि पुंगळी अडकते. याला 'लुळं मनगट' म्हणतात. हा शब्द नवख्यांना लावतात, शहरातून आलेल्या जावयांना लावतात, बायकांना तर त्यांनी पिस्तूल उचलायच्या आधीच लावून ठेवतात. तीनदा करंडक आणलेल्या माणसाला तो लावत नाहीत. म्हणून त्या उन्हाळ्यात सगळं गाव तीनच संशयितांवर पोट भरून बोललं.

"गोळी," पिस्तुलांच्या दुकानातले डेल्मर म्हणाले. डेल्मर अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि त्यांच्या दुकानात सल्ला फुकट असला तरी तो घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. "हल्ली गोळ्यांत जीव राहिला नाही. मी तुला पाच प्रकारच्या देतो."

पाचही प्रकारच्या गोळ्यांची व्हर्लिननं वहीत नोंद ठेवली. रस्ते मोजणारा माणूस, वही आखल्याशिवाय त्याला शिंकही येत नाही. पाचही प्रकारांत धुराडं झालं.

"मॅगझिन," मार्व्हेला कुंपणावरून म्हणाली. "आमचे हे असताना शिवणयंत्राचं तेल घालायचे. मरेपर्यंत अडकलं नाही."

"पिस्तूल?" मी विचारलं.

"दोघंही."

त्या दुपारी माझी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली नाहीशी झाली. संध्याकाळी माझा दात घासायचा ब्रश नाहीसा झाला. तो मला जेवणाच्या टेबलावर सापडला, मॅगझिनच्या पोटात. व्हर्लिन म्हणाला की त्याला जुना वाटला. ज्या वस्तूनं मी सकाळीच दात घासले होते तिच्याबद्दल हे ऐकून घेणं सोपं नसतं. मी फक्त एवढंच म्हणाले की माझ्या भरवशाचीही कुठंतरी नोंद व्हायला हवी. त्यानं वहीतून मान वर केली नाही.

मग स्प्रिंग. डेल्मरनी जास्त ताठ स्प्रिंग दिली. ती बसवताना अंगठ्यानं दाबून धरायची असते आणि तिच्या टोकावर एक लहानशी लोखंडी टोपी असते. व्हर्लिननं आयुष्यात अशा पन्नास तरी स्प्रिंगा बसवल्या असतील. ही त्याच्या अंगठ्याखालून सुटली. टोपी उडाली, छताला लागली आणि दिसेनाशी झाली.

त्या वेळी ओट्यावर मार्व्हेलाचं हिरवं लिंबाचं जेलीचं सॅलड होतं. तिच्या फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून तिनं ते आमच्याकडे आणून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये एकाच्या अंत्यविधीनंतरचं जेवण होतं, त्यासाठी. आम्ही अख्खं स्वयंपाकघर झाडलं. फ्रिज हलवला. टोपी सापडली नाही आणि सॅलडचा विचार दोघांच्याही मनात आला नाही. तो व्हर्लिनच्या मनात आला तो चर्चच्या तळघरात, हातात ताट घेऊन रांगेत उभा असताना.

"अर्लिस," तो माझ्या कानात म्हणाला, "जेली."

त्यानं मोठा चमचा घेतला आणि सॅलड एका कडेपासून खोदायला सुरुवात केली. मागे रांग थांबली. पाद्रीबाई प्रेमानं म्हणाल्या, "व्हर्लिन, तुला एवढं आवडतं हे मला माहीत नव्हतं." तो म्हणाला, "आवडतं." त्यानं चार वेळा घेतलं. चौथ्या वाढीत टोपी मिळाली. मार्व्हेलाचा चेहरा असा फुलला की तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडे जेली येते. तो खातो, करतो काय.

नवी स्प्रिंग बसली. पुढच्या शनिवारी सहाव्या गोळीला धुराडं झालं.

मग कारखान्याला पाठवायचं ठरलं. खोक्यात बांधून मी पोस्टात गेले. खिडकीत कोरिन होती, माझी मावसबहीण.

"यात काय आहे?"

"पिस्तूल."

"पिस्तूल पोस्टानं जात नाही."

"गेल्या वर्षी डेल्मरनी रायफल पाठवली."

"रायफल जाते."

"रायफल याच्या तिप्पट लांब असते, कोरिन."

"म्हणूनच जाते. कोटाच्या खिशात मावेल असं काही आम्ही घेत नाही."

"हे कोणाच्याच खिशात मावत नाही. हे मोठ्या बांध्याचं आहे."

कोरिननं नियमांचं पुस्तक काढलं. त्यात बांध्याचा उल्लेख नव्हता. ती माझ्या लग्नात करवली होती, पण खिडकीच्या पलीकडे बसली की ती सरकार असते. शेवटी डेल्मरनी आपल्या परवान्यावर ते कुरियरनं धाडलं. तीन आठवड्यांनी ते परत आलं. बरोबर एक छापील चिठ्ठी: 'दोनशे गोळ्या झाडून पाहिल्या. दोष आढळला नाही. आमचं पिस्तूल निवडल्याबद्दल आभार.'

व्हर्लिननं चिठ्ठी तीनदा वाचली. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"दोनशे कसल्या," तो म्हणाला. "दोन झाडल्या असतील आणि जेवायला गेले असतील."

त्या शनिवारी ते पाचव्या गोळीला अडकलं. डेल्मर जवळच उभे होते. ते म्हणाले, "व्हर्लिन, एखाद्या वेळी मन—" आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. इतकी मोठी, की दोघा-तिघांनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. 'मन' या अक्षरांनी सुरू होणारा दुसरा कुठला शब्द डेल्मरना म्हणायचा असेल असं मला वाटत नाही. व्हर्लिनलाही वाटलं नसावं. त्यानं पिस्तूल पेटीत ठेवलं आणि पेटीची कडी लावली. कडी दोनदा निसटली.

त्या दिवसापासून मी पाहायला लागले. खरं म्हणजे पाहत होतेच, मांडत नव्हते. कॉफीचा कप तो आता दोन्ही हातांनी धरायचा. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं नुसती टेकवलेली असायची. सही करताना पेन खाली घसरायचं. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना तो सारखा चोळायचा, जणू थंडी आहे. ऑगस्टमध्ये.

मी एकदा म्हटलं, "हात दाखवून ये डॉक्टरणीला."

"हाताला काय झालंय? पिस्तूल दाखवायला हवंय."

म्हणजे अडचण ही होती. पिस्तूल वाईट ठरलं, तर छापून दिलेला शब्द जाणार, सात माणसं फसली असं होणार. पिस्तूल चांगलं ठरलं, तर हात जाणार. आणि माणूस असा की त्याला शब्द गेलेला चालत होता. मोठ्या कष्टानं, डोळ्यांसमोर जाऊ देत होता.

एका मंगळवारी तो ट्रॅक्टरच्या टायरसाठी तालुक्याला गेला, तेव्हा मी पेटी उघडली. घरामागच्या कुरणात मातीचा उंच बांध आहे, त्यासमोर भोपळ्यांचं रिकामं खोकं ठेवलं. मी तीस वर्षं पावाचं पीठ मळते, माझ्या मनगटाबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही. शंभर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल मोठ्या प्रेमळ बैलासारखं आहे. अंगानं मोठं, आवाजानं मोठं, पण हातात आलं की शांत. शंभरांत एकदाही अडकलं नाही. खोक्याला पडलेली भोकं बशीखाली झाकली नसती, पण परातीखाली झाकली असती.

मी पेटी बंद करून स्वयंपाकघरात बसले. मला आनंद व्हायला हवा होता. वस्तू उत्तम निघाली होती.

सप्टेंबरात क्लबचा मोठा दिवस असतो. सकाळी स्पर्धा, दुपारी पत्र्याच्या शेडखाली चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल, एकाच ताटात. ड्वेन त्या दिवशी काहीतरी बोलणार हे मला मार्व्हेलानं सांगितलं. तिला ड्वेनच्या बायकोनं सांगितलं होतं. "दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन बघू म्हणणारेत," ती म्हणाली. "सरळ निकाल. ड्वेननं झाडलं आणि नाही अडकलं, की संपलं."

"ड्वेननंच का?"

"अगं, अध्यक्ष आहे तो."

म्हणून पुढच्या मंगळवारी मी परत बांधापाशी गेले, या वेळी ते अडकवायला. हे वाटतं तितकं सोपं नाही. एवढं वजन हातात आलं की मनगट आपोआप ताठ होतं. ढिलं सोडायचं म्हणून मी मेलेल्या माशाचा विचार केला. चर्चमध्ये हात मिळवताना काही लोकांचे हात लागतात, त्यांचा विचार केला. तेविसाव्या गोळीला पहिलं धुराडं झालं. चाळिसांत चार. त्या पिस्तुलाच्या भरवशाबद्दल याहून मोठं प्रमाणपत्र मला माहीत नाही. आणि ते मी कोणाला देऊ शकत नव्हते.

मोठ्या दिवशी व्हर्लिनचं तीनदा अडकलं. तो स्पर्धेत नववा आला. जेवताना ड्वेननं चमचा खाली ठेवला.

"व्हर्लिन, गड्या, एक म्हणू का? एकदा दुसऱ्या कोणाच्या हातात देऊन बघू या."

शेडखाली चिलीत बुडालेले चमचे तिथंच थांबले. व्हर्लिन ताटाकडे बघत होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं टेबलाखाली होती, मला दिसत होती.

"माझ्या हातात द्या," मी म्हणाले.

"तुझ्या?" ड्वेन म्हणाला.

"घरचंच पिस्तूल आहे."

सगळे मैदानाकडे निघाले, काही जण रोल हातात घेऊनच. मी मेलेल्या माशाचा विचार केला आणि तिसऱ्या गोळीला पुंगळी उभी राहिली, सरळ, सुंदर. पुन्हा भरलं. पाचव्याला पुन्हा.

मला वाटलं होतं की आता सगळे म्हणतील, पिस्तूलच खराब. तीन महिने या पुरुषांना पाहूनही मी त्यांना ओळखलं नव्हतं.

"अर्लिस, बाई," ड्वेन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अशी सुटका होती, जणू चावणारा बूट काढला, "मनगट लुळं आहे तुझं."

आणि मग बांध फुटला. तीन महिने जो सल्ला त्यांनी पोटात ठेवला होता तो सगळा माझ्यावर आला. डेल्मर म्हणाले, कोपर सरळ ठेव. कोणी म्हणालं, डाव्या हाताचा आधार दे. कोणी म्हणालं, वयानं पकड जाते, त्यात लाजायचं काही नाही, त्याच्या भावाचीही गेली. कोणी म्हणालं, वेळेवर डॉक्टरला दाखवलं तर परत येते. एकजणही व्हर्लिनकडे पाहत नव्हता. सगळे माझ्याशी बोलत होते, जरा मोठ्यानं, जरा हळुवार. अठरा माणसांसमोर माझ्या मनगटाची अशी चिरफाड चालली होती आणि मी मान हलवत उभी होते. माझ्याकडे शंभर गोळ्यांचा हिशेब होता. तो गिळणं जेलीपेक्षा अवघड गेलं.

"बाईमाणसाचं धरता येणार नाही," शेवटी ड्वेन म्हणाला. "आण, मी झाडतो."

व्हर्लिन पुढे आला. त्यानं माझ्या हातून पिस्तूल घेतलं, रिकामं केलं, पेटीत ठेवलं.

"नको," तो म्हणाला. "आम्ही निघतो."

गाडी मी चालवत होते. चार मैल गेले.

"तुझं मनगट लुळं नाही," मग तो म्हणाला.

"नाही."

"कधी झाडलंस?"

"तू टायर आणायला गेलास तेव्हा."

"किती?"

"शंभर."

"अडकलं?"

"मी अडकवलं तेव्हाच. आणि तेसुद्धा मोठ्या मिनतवारीनं."

तो खिडकीबाहेर मक्याकडे बघत राहिला. मका वाळला होता, कापणीला आला होता.

"चांगलं पिस्तूल आहे," तो म्हणाला.

"खूप चांगलं आहे."

आणखी एक मैल गेला. "त्या डॉक्टरणीचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

डॉक्टरणीनं त्याला अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक कागद धरायला सांगितला आणि तो सहज ओढून घेतला. व्हर्लिन म्हणाला, परत. तिनं परत ओढला. कोपराजवळ एक शीर दाबली गेली होती, किती वर्षं ते सांगता येत नव्हतं. शस्त्रक्रिया करून मोकळी करता येईल, ताकद थोडी परत येईल, किंवा येणार नाही. ती हे हवामानाचा अंदाज सांगावा तसं बोलली. त्याला ते बरं वाटलं.

ऑक्टोबरचं पत्रक टाइप करायला मी बसले तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला.

"लिही. हॉलोवे पंचेचाळीस, दुसऱ्यांदा. नेम: पूर्वी लिहिला तोच. भरवसा: पिस्तुलात दोष नाही. मालकाच्या मनगटात आहे."

मी टाइप केलं: 'मालकाच्या मनगटात थोडा आहे.'

"'थोडा' खोड."

मी खोडला.

पत्रक गुरुवारी गेलं. शुक्रवारी सकाळी आठला फोन वाजला. डेल्मर होते. त्यांनी स्वतःसाठीही ते पिस्तूल घेतलं होतं. म्हणाले, काल त्यांचंही अडकलं, दोनदा, काय करावं सुचत नाही. दुपारी आणखी दोघांचे आले. एकाचं पहिल्याच गोळीला अडकलं होतं. दुसऱ्यानं आकडा ठरवला नसावा, आधी तीन म्हणाला, मग चार. सोमवारपर्यंत ड्वेन सोडून सहाही जणांची पिस्तुलं बिघडली होती. सहा महिने ज्यांना साधी शिंक आली नव्हती. व्हर्लिन प्रत्येकाचं गंभीरपणे ऐकून घेत होता आणि वहीत लिहीत होता. मी भांडी घासत होते.

ड्वेन फोन करणाऱ्यांतला नाही. तो मंगळवारी दारात येऊन उभा राहिला, काखेत पेटी. ड्वेन वासरं उचलून गाडीत टाकतो. त्याचा पंजा म्हणजे पाटा आहे.

"माझंही धुराडं व्हायला लागलंय," तो पायपुसण्याला उद्देशून म्हणाला.

"रिकामं आहे?" व्हर्लिननं विचारलं.

ड्वेननं पट्टी मागे ओढून दाखवली. व्हर्लिननं आत बोट घालून खात्री केली.

"धर पाहू."

ड्वेननं दारातच हात लांब करून ते कुरणाकडे धरलं. हात खांबासारखा. व्हर्लिन एका बाजूनं पाहत राहिला, मग दुसऱ्या बाजूनं. चांगला वेळ घेतला त्यानं.

"मनगट लुळं आहे तुझं," तो म्हणाला.

ड्वेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मानेपर्यंत लाली उतरली. मी हातातलं फडकं घट्ट धरून उभी होते.

"असेल," ड्वेन म्हणाला.

व्हर्लिननं आपल्या डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि अगदी किंचित, दिसणारही नाही एवढं, वर उचललं.